व्हर्लविंड फिरवण्याआधी अंगावरच्या वस्तू तपासा

आमच्या टेबलवर अजूनही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाची २००३ सालची ३.५ आवृत्तीच चालते. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, मी. फाइटर (लढवय्या पात्र) घेतलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी व्हर्लविंड अटॅक या फीटचा, म्हणजे खास कौशल्याचा, मोह होतोच, आणि ती मिळाली की पहिला प्रश्न ठरलेला: “तलवारीची आग सगळ्यांना लागणार ना?”

लागते. पण का लागते हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. व्हर्लविंड हा एकच मोठा घाव नाही. त्या फेरीतले नेहमीचे हल्ले सोडून तुम्ही रीचमधल्या (घाव पोचेल तेवढ्या अंतरातल्या) प्रत्येक शत्रूवर एकेक हल्ला करता, दर शत्रूला वीसपैलू फासा वेगळा. म्हणजे ‘घाव लागला की’ चालणारा गुण दर घावाला चालतो. फ्लेमिंग (आगीची) तलवार असेल तर लागलेल्या प्रत्येक घावाला एक जादा सहापैलू फासा टाका. आठ गॉब्लिनांनी घेरलंय आणि आठही घाव बसले, तर नुसत्या आगीचं डॅमेज सरासरी २८ होतं. बेन हत्यार (ठरावीक जातीच्या शत्रूवरच जास्त चालणारं) असेल तर समोर कोण आहे ते दर वेळी बघा. ऑर्कांसाठीचं बेन शेजारच्या लांडग्यावर चालत नाही.

‘एक हल्ला जास्त’ देणारं सगळं मात्र त्या फेरीपुरतं बंद. स्पीड हत्याराचा जादा हल्ला गेला, शत्रू पडला की आणखी एक घाव देणारी क्लीव्ह फीटही गेली. बूट्स ऑफ स्पीड (टाचा आपटल्या की हेस्ट ही वेगाची जादू देणारे बूट) घातले असतील तर थांबा, ते वाया जात नाहीत. जादा हल्ला जातो, पण हेस्टचा अटॅक रोलवरचा +१ राहतो आणि तो प्रत्येक फाशाला मिळतो. भोवती गर्दी असेल तर टाचा जरूर आपटा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या एन्लार्ज पर्सनच्या पोशनपाशी, म्हणजे आकार वाढवणाऱ्या जादुई पेयापाशी. आमच्या फाइटरचं डेक्स्टेरिटी (चपळाई) १४. सहा हॉबगॉब्लिनांच्या मधोमध त्याने ते पोशन प्यायलं, रीच १० फूट झाली, सहाही फासे टाकून झाले. घरी पुस्तक उघडल्यावर माझ्या लक्षात आलं: आकार वाढला की डेक्स्टेरिटी २ ने उतरतं. १४ चं १२ झालं. व्हर्लविंडला किमान १३ लागतं, आणि पूर्वअट तुटली की फीट वापरता येत नाही. तो हल्ला मी द्यायलाच नको होता.

यावर उपाय म्हणजे ग्लव्ह्ज ऑफ डेक्स्टेरिटी +२. ते घातले की १६ मधून २ गेले तरी १४ उरतं. अडचण एकच, ताकद वाढवणारे गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवरही हातातच घालायचे असतात आणि एका वेळी एकच जोडी चालते. मी ग्लव्ह्जच घ्या म्हणेन. ताकदीचे +२ पोशन देतंच, गॉन्टलेट्सविना घाव थोडा हलका पडेल इतकंच. आणि कॅरेक्टर शीटवर डेक्स्टेरिटीच्या शेजारी ‘मोठा झाल्यावर किती’ हा आकडा पेन्सिलीने आजच लिहून ठेवा.