खुडूक कोंबडीसाठी बँटमचा संकर: जोडी लावण्याआधीची तयारी

संकर कशासाठी हवा ते आधी ठरवा, जात मग निवडा. अंडी वाढवायची असतील तर बँटमच्या, म्हणजे अंगाने छोट्या जातींच्या, वाटेला जाऊ नका. अंडं जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅमचं, आणि पंधरा-वीस अंडी घातली की मादी खुडूक, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. गावरान कोंबड्यांच्या परसात मात्र हाच खुडूकपणा कामाला येतो. इनक्युबेटर आणि वीज यांच्या भरवशावर न राहता अंडी उबवून पिल्लं सांभाळणारी, खायला कमी लागणारी आई तयार करायची असेल, तर सिल्की या मऊ, केसाळ पिसांच्या जातीचा कोंबडा आणि गावरान मादी ही जोडी धरा. ब्रिटनमध्ये फेझंट या शिकारीच्या पक्ष्याची अंडी उबवायला सिल्की आणि लाइट ससेक्स या तिथल्या कोंबडीचा संकर पूर्वापार वापरतात, त्यामागचा हिशोब हाच.

नुसती सिल्कीच का नको? तिच्या पिसांना तंतू एकमेकांत अडकवणारे बारीक आकडे नसतात, त्यामुळे पीस पाणी झटकत नाही. कोकणातल्या पावसात ती चिंब होऊन गारठते. शिवाय पोटाखालचे बारीक तंतू पिल्लांच्या पायाला, मानेला गुंडाळतात आणि एखादं पिल्लू त्यात अडकून मरतं. हे मऊ पीस अप्रभावी गुणाचं, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच दिसणारं, असल्याने गावरान मादीपासून झालेली पहिल्या पिढीची सगळी पिल्लं साध्या पिसांची निघतात. पाचवं बोट, डोक्यावरची शेंडी आणि पायांवरची थोडी पिसं मात्र बहुतेकांत उतरतात. पायांवरच्या पिसांना चिखलाचे गोळे चिकटतात, तेव्हा कमीत कमी पिसांच्या पायाचा कोंबडा निवडा.

दिसायला भुरळ घालणाऱ्या बाकीच्या जातींबद्दल थोडक्यात. जपानी बँटमचे आखूड पाय ज्या जनुकामुळे येतात ते दोन्ही बाजूंनी आलं तर गर्भ अंड्यातच मरतो. म्हणजे आखूड पायांच्या दोघांची जोडी लावली की चौथा हिस्सा अंडी वाया, आणि माणूस दोष देतो उबवणीला. फ्रिझल म्हणजे उलट्या पिसांची कोंबडी. दोन फ्रिझल एकत्र केले तर पाव पिल्लांची पिसं ठिसूळ होऊन झडतात, म्हणून जोडीदार कायम साध्या पिसांचाच हवा. सेब्राइट देखणी खरी, पण तिच्यात फलन कमी आणि मरेक या लकवा आणणाऱ्या विषाणूजन्य आजाराची बाधा लवकर. परसासाठी ती सोडून द्या.

आता मादी. अंगाने मध्यम, स्वतः एकदा तरी पिल्लं काढून वाढवलेली गावरान कोंबडी घ्या. तिचे पाय पिवळे किंवा पांढरे असावेत, काळपट नकोत, कडकनाथचं रक्तही नको. कारण असं: सिल्कीची कातडी काळी असते, आणि हा काळेपणा दाबणारं जनुक फिकट पायांच्या मादीच्या लिंगगुणसूत्रावर असतं. ती ते फक्त मुलग्यांना देते. त्यामुळे या जोडीच्या माद्या काळ्या कातडीच्या आणि नर फिकट निघतात. महिनाभरात पाय आणि चेहरा पाहून निवड करता येते. जोडी उलटी केली, म्हणजे फिकट पायांचा गावरान कोंबडा आणि सिल्की मादी, तर नर-माद्या सगळेच फिकट, आणि ही खूण गेली.

कोंबडा घेताना आरवणारा, निदान आठ महिन्यांचा बघा. सिल्कीच्या पिल्लात नर-मादी पाच-सहा महिन्यांपर्यंत नीट कळत नाही, विकणाऱ्यालाही. शेंडीखाली आणि गुदद्वाराभोवती उवा तपासा, पायांचे खवले उचललेले असतील तर घेऊ नका. मरेकची लस दिली होती का, ते विचाराच. सिल्कीत तो आजार फार. घरी आणल्यावर तीस दिवस वेगळ्या खुराड्यात, भांडी आणि चपलासुद्धा वेगळ्या. जोडी लावण्याआधी त्याच्या गुदद्वाराभोवतीची पिसं बोटभर कातरा. तिथल्या गच्च पिसांमुळे मीलन होऊनही अंडी वांझोटी निघतात, आणि ही छोटी गोष्ट सर्रास राहून जाते. शेंडी डोळ्यांवर येत असेल तर तीही.

एका कोंबड्याला पाच-सहा माद्या, आणि त्यांना बंद जाळी. गावात मोकळे फिरणारे कोंबडे हीच या कामातली मोठी अडचण. मादीच्या पोटात शुक्राणू दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. म्हणून माद्या कोंडल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी स्वयंपाकघरात जाऊ द्या. जाळी अर्धा इंचाची, खाली एक फूट पुरलेली, नाहीतर मुंगूस एका रात्रीत सगळं आवरतं. सिल्कीला उडता येत नाही, त्याच्यासाठी फूटभर उंचीची दांडी ठेवा. खाली भाताचं तूस तीन इंच, आणि ओलं झालं की लगेच बदला.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, धुऊ नका, पेन्सिलीने तारीख घाला, निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवा. सात दिवसांपलीकडे साठवू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढून मरतो, तेव्हा हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका. गावरान कोंबडीखाली दहा-बारा, लहान सिल्कीखाली सहा-सातच. जास्त घातली तर कडेची गारठतात. सातव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडावर धरून आत रक्तवाहिन्यांच्या रेषा न दिसणारी काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतील, छोट्या अंड्यांतली कधी दिवसभर आधी.

लसी आधीच ठरवून ठेवा: पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, सहा ते आठ आठवड्यांत देवी, आठव्या आठवड्यात मानमोडीचीच पुढची लस आर टू बी. कुप्या सहसा शेकडो मात्रांच्या येतात आणि फोडल्यावर ठेवता येत नाहीत, तेव्हा शेजारच्या दोन-चार घरांनी एकाच दिवशी लस घ्यावी.

तयार झालेल्या तलंगांतून, म्हणजे तरुण माद्यांतून, दोन-तीनच ठेवा, त्यापेक्षा जास्त खुडूक माद्या म्हणजे नुसताच खाण्याचा खर्च. या पिढीतले नर-मादी आपसात लावू नका. पुढच्या पिढीत पाव पिल्लं पुन्हा मऊ पिसांची निघतात, खुडूकपणाही विखुरतो, आणि फिकट-काळ्याची खूण लागू पडत नाही. नवी आई हवी असेल तेव्हा मूळ जोडीच पुन्हा लावा. फिकट नर चार-पाच महिन्यांत विकून टाका, आरवायला लागले की ते जुन्या कोंबड्याशी भांडतात.