शाळेचं घर झालं, पण शाळा कधीची?

घर विकताना एजंट म्हणाला, "१८३२ सालची शाळा आहे." पुढची दोन वर्षं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ऐकवलं. साल चुकीचं निघालं.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टर शहराच्या पश्चिमेला, ऑन्टॅरिओ सरोवराच्या बाजूला गोट्यांच्या भिंतींची घरं, देवळं, शाळा पुष्कळ आहेत. त्यातली एखादी जुनी शाळा घर म्हणून घेतली असेल, तर तिचा माग असा काढा.

कागदांच्या आधी भिंत बघा. १८२५ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या भिंतींत शेतातून वेचलेले लहानमोठे, ओबडधोबड दगड दिसतात. पुढे सरोवराच्या लाटांनी घासलेले, एका मापाचे गोटे आले. माप चुकू नये म्हणून फळीला भोकं पाडून त्यातून गोटे घालून बघत. आमच्या दर्शनी भिंतीत बटाट्याएवढे गुळगुळीत गोटे ओळीने बसलेत आणि दर दोन थरांमध्ये चुन्याची सरळ धार काढलेली आहे, बोट फिरवलं तर कळते. बाजूच्या भिंती मात्र शेतातल्या दगडांच्या. पुढे चांगला माल, मागे चालेल तो. आमच्या वाईतल्या वाड्यांचंही तेच. पण इतके निवडक गोटे बघून १८३२ वर माझा विश्वास उडाला.

मग खिळे. मागचं विटांचं स्वयंपाकघर शाळेइतकंच जुनं असं मी धरून चालले होते. छताच्या वाश्यांतून निघालेले खिळे गोल, तारेचे होते. तसे खिळे सर्रास मिळू लागले ते १८९० च्या सुमारास. त्याआधीचे चौकोनी, पत्र्यातून कापलेले. म्हणजे विटांचा भाग नंतरचा.

आता काउंटी क्लार्कचं ऑफिस, म्हणजे जिल्ह्याची जुनी खरेदीखतं जिथे ठेवलेली असतात ते. तुमच्या खरेदीखतापासून एकेक मालक मागे जात राहा, विकणारा म्हणून शाळेच्या डिस्ट्रिक्टचं, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचं नाव येईपर्यंत. मग त्या डिस्ट्रिक्टला जमीन कोणी दिली ते शोधा. हे खत सोडू नका! शाळा बंद पडली तर जमीन मूळ शेताला परत, अशी अट अनेकदा त्यात असते. मोजणी रॉड आणि साखळ्यांत असते, पण घाबरू नका. साखळी ६६ फुटांची, तिच्या निम्म्याचा चौरस म्हणजे आपला गुंठा. आमचा प्लॉट ८ रॉड बाय ५ रॉड. रॉड साडेसोळा फुटांचा, म्हणजे बरोब्बर १० गुंठे. रॉचेस्टरमध्ये बसून गुंठे मोजताना मला हसूच आलं.

खताचं साल म्हणजे बांधकामाचं साल असं मात्र समजू नका. त्याच जागेवर आधी लाकडी शाळा असू शकते. त्यासाठी १८५० च्या दशकातले काउंटीचे भिंतीवरचे नकाशे बघा. शाळेच्या ठिकाणी 'एस. एच.' (स्कूलहाउस) लिहिलेलं असतं. टाउनच्या इतिहासकारालाही भेटा. १९१९ च्या कायद्याने न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक टाउनला असा माणूस नेमावा लागतो. डिस्ट्रिक्टच्या वार्षिक सभांच्या वह्या टिकल्या असतील तर बहुधा त्यांनाच ठाऊक असतात. आमची मिळाली. १८४६ च्या सभेत जुनी शाळा पाडून दगडी बांधायचं ठरलं होतं. त्याच वहीत हिवाळ्याचं सरपण कोणी आणायचं यावरचा वाद दीड पान चाललाय.

तुलनेसाठी चाइल्ड्स गावचं कोबलस्टोन म्युझियम, म्हणजे अशा गोट्यांच्या इमारतींचं संग्रहालय, बघून या. तिथली शाळा १८४९ ची आहे. आमच्या भिंतीची सख्खी बहीण वाटते.

आणि शोध पुरा होईपर्यंत दरजा भरायला कोणाला बोलावू नका. आम्ही घाई केली. ठेकेदाराने एका कोपऱ्यात सिमेंट भरलं; तिथे चुन्यातून पडते तशी ओल बाहेर पडेना, आणि दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या विटांचे पापुद्रे सुटायला लागले. तो कोपरा आता छिन्नीने हळूहळू मोकळा करतेय. दिवसाला हातभर होतो.