चळवळीचा पैसा सांभाळताना या चुका टाळा

पावती पुस्तक क्रमांक सात. पन्नास पावत्यांचं पुस्तक, त्यातल्या एकतीस फाडलेल्या, स्थळप्रती, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रती, मात्र अठ्ठावीस. दोन ठिकाणी अंकात एक रक्कम आणि अक्षरात दुसरी. हे पुस्तक माझ्या हातात आलं तेव्हा ते ज्या कार्यकर्त्याकडे होतं तो नोकरीसाठी गाव सोडून गेला होता. त्याने एक रुपयाही खाल्ला नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण माझ्या सांगण्याला तपासणीत किंमत नसते, तिथे कागद बोलतो. तीन पावत्यांचा माग काढायला आम्हाला चार महिने लागले. तेवढ्या काळात आमच्या विरोधकांनी गावोगाव ‘हे लोक वर्गणी खातात’ एवढं एकच वाक्य फिरवलं आणि आमचा मूळ मुद्दा बाजूला पडला.

मी राज्यभर शाखा असलेल्या एका पुरोगामी संघटनेची बरीच वर्षं खजिनदार आहे. सरकारला प्रश्न विचारणाऱ्या, कायदा करून घेण्यासाठी भांडणाऱ्या संघटनांवर लक्ष ठेवणारे डोळे जास्त असतात, आणि ही लढाई लांब चालते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ साली स्थापन झाली. जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाल्यानंतर. इतकी वर्षं टिकायचं तर एसटीचं भाडं, पत्रकांची छपाई, वकिलाची फी आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याचं मानधन कुठून तरी यावं लागतं. तरीही आपल्याकडे पैशाचं बोलणं कमी दर्जाचं मानतात. बैठकीत भूमिकेवर तीन तास चर्चा होते आणि हिशेब ‘वेळेअभावी पुढच्या बैठकीत’ जातो. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका त्या एका सवयीतून आल्या आहेत.

एक खुलासा आधीच करते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. मी १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करात वजावट देणारी मान्यता) अशी जुनीच नावं वापरली आहेत, कारण सगळ्यांच्या तोंडी तीच आहेत. अर्ज भरताना नवा क्रमांक सीएकडून घ्या.

कार्यकर्त्याच्या खात्यावर वर्गणी

मोर्चा ठरतो, ग्रुपवर एकाचा मोबाइल नंबर पडतो, ‘यावर जीपे करा’. आठवड्यात सव्वा लाख जमतात. हेतू स्वच्छ असतो, पण प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीने तो पैसा त्या माणसाला मिळालेला असतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात विनामोबदला आलेली रक्कम ५०,००० रुपयांच्या पुढे गेली की पूर्ण रक्कम करपात्र ठरू शकते. त्या पोराला नोटीस आली की त्याच्या घरचे त्याला चळवळीतून काढतात, हेही मी पाहिलंय.

नोंदणी नसली तरी संघटनेच्या नावाने पॅन आणि दोन सह्यांचं बँक खातं काढता येतं. पन्नास हजारांची अडचण तिथेही राहते, म्हणून कायम काम करायचं असेल तर नोंदणीला पर्याय नाही. आणि गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१सी खाली परवानगी घेतात, ती सोय फक्त उत्सवापुरती आहे असं समजू नका. धर्मादाय कामासाठी तात्पुरता निधी गोळा करणाऱ्यांनीही तिची चौकशी करावी.

ट्रस्टच्या पैशातून राजकारण

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपली बहुतेक मंडळी संस्था नोंदणी कायदा, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदवलेली असतात. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि जोडीला १२ए, ८०जी. याचा अर्थ समाजाने तुम्हाला करसवलत दिली आहे आणि त्या बदल्यात तुमचं काम सार्वजनिक हिताचं असलं पाहिजे. कायद्याच्या मसुद्यावर सूचना पाठवणं, आमदारांना निवेदन देणं, शिबिरं, अभ्यासगट, जनहित याचिका हे सगळं त्यात बसतं, संस्थेच्या घटनेतल्या उद्दिष्टांत तसं लिहिलेलं असेल तर. एखाद्या पक्षाला निवडून आणणं किंवा पाडणं हा उद्देश धर्मादाय ठरत नाही. पक्षाला देणगी देणं तर नाहीच नाही.

कामगार संघटनांसाठी मात्र वेगळी वाट आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनला राजकीय कामासाठी स्वतंत्र फंड ठेवण्याची मुभा दिली. आता त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आहे, मुभा तीच आहे. वर्गणी वेगळी, हिशेब वेगळा, आणि एखाद्या सभासदाने त्या फंडाला पैसे दिले नाहीत म्हणून त्याचे हक्क कमी करता येत नाहीत. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. पैसा कशासाठी दिला हे देणाऱ्याला माहीत असतं आणि नको असेल तर तो नाही म्हणू शकतो. आपल्या संघटनांनीही हीच शिस्त मनाशी धरावी. ट्रस्टचं खातं ट्रस्टच्या कामाला. निवडणुकीत कार्यकर्त्यांना कुणाचा प्रचार करायचा असेल तर त्यांनी नागरिक म्हणून, स्वतःच्या खिशातून, संघटनेचं कार्यालय, जीप आणि लेटरहेड न वापरता करावा.

निवडणुकीच्या काळात आणखी दोन ठिकाणी पाय अडकतो. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर सभा, जाहिरात, पत्रक असा खर्च करणं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं १७१एच होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ आहे. आणि निवडणुकीसंबंधी पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७ए प्रमाणे त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘जातीयवाद्यांना मत देऊ नका’ असं पत्रक रात्री घाईने छापून घेताना खालची ती बारीक ओळ राहून जाते. प्रेसवाल्याला आधीच बजावून ठेवा.

झोळी

सभा संपली की झोळी फिरवायची ही आपली जुनी, सुंदर रीत आहे. बिगारीवर जाणारी बाई पदराची गाठ सोडून दहाची नोट टाकते, तेव्हा त्या नोटेचं मोल कुठल्याही चेकपेक्षा मोठं असतं. ती रीत सोडू नका. पण झोळीतला पैसा निनावी असतो. नोंदणीकृत ट्रस्टला वर्षभरात मिळालेल्या निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतलं जे जास्त असेल त्यापुढे गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. तालुक्याच्या सभेत हा आकडा गाठला जात नाही. राज्यव्यापी यात्रा काढली, पस्तीस सभा घेतल्या, की सहज गाठला जातो.

आम्ही काय करतो ते सांगते. सभा संपल्यावर शाळेच्या त्याच सतरंजीवर झोळी उलटी करतो. एकजण नोटा लावतो, दुसरा नाणी मोजतो, आणि गावातला एक माणूस, जो आमचा सभासद नाही, समोर बसतो. वहीत तारीख, गाव, नोटा किती, नाणी किती, बेरीज, तिघांच्या सह्या. सकाळी बँक उघडली की आहे ती रक्कम भरणा, त्यातून चहाचे पैसेसुद्धा काढायचे नाहीत. चहाचा खर्च वेगळ्या व्हाउचरने. शंभराच्या वर टाकणाऱ्याला नाव-पत्ता विचारून पावती देतो. नाव-पत्त्याची नोंद झाली की ती देणगी निनावी राहत नाही.

८०जीबद्दल एवढंच सांगते: २,००० रुपयांच्या वर रोख देणगी घेता येते, पण देणाऱ्याला वजावट मिळत नाही, हे घेतानाच सांगा. आणि देणगीदारांची यादी (१०बीडी) ३१ मेपर्यंत भरायची. उशिरासाठी दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. यादीत पॅनचं एक अक्षर चुकलं तरी देणगीदाराची वजावट अडते, आणि तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

काटकसरीची शिक्षा

ही चूक चांगली माणसं करतात. वर्षभर पै-पै वाचवून मार्चअखेर खात्यात निम्मा निधी शिल्लक ठेवतात आणि समाधानाने ताळेबंद वाचतात. करसवलत हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च झालेला लागतो. पुढच्या कामासाठी राखून ठेवायचा तर कशासाठी आणि किती वर्षं, कमाल पाच, हे ठराव करून मुदतीत फॉर्म १० मध्ये कळवावं लागतं. ‘भविष्यातील कार्यासाठी’ असं मोघम लिहू नका, ‘नाशिक विभागातल्या प्रशिक्षण केंद्रासाठी’ असं लिहा. कायम निधीसाठी दिलेली देणगी असेल तर देणाऱ्याचं तसं पत्र फाइलला हवं.

मंडपवाल्याला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरत नाहीत. संमेलनाच्या धावपळीत हे हमखास घडतं.

आणि हातउसने. अध्यक्ष स्वतःचे साठ हजार घालून संमेलन पार पाडतात आणि नंतर संस्थेतून परत घेतात. ट्रस्टने कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, विश्वस्ताकडून घेतलं तरी. त्यांना तो पैसा सोडून देणं जमत असेल तर पहिल्याच दिवशी देणगीची पावती फाडा. जमत नसेल तर संमेलन लहान करा.

न्यू जर्सीहून आलेले दोनशे डॉलर

परदेशातली मराठी माणसं गावाकडच्या कामाला मनापासून मदत करतात. इथे विचारायचा प्रश्न एकच: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेला माणूस अमेरिकेत राहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परदेशी देणगी होत नाही. पासपोर्टची प्रत मागून ठेवा. पण तीच व्यक्ती अमेरिकन नागरिक झाली असेल, हातात ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असेल, तर ती परदेशी स्रोत आहे, मग तिने पुण्यात येऊन रुपयांत पाचशेची नोट दिली तरी. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी नसताना ते पैसे घेणं गुन्हा आहे. सख्ख्या मावशीला ‘नाही’ म्हणताना जीभ जड होते, हे मला माहीत आहे. तरी म्हणा.

नोंदणी असलेल्यांसाठी २०२० च्या दुरुस्तीने दोर आवळला आहे. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावरच स्वीकारायचा, दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. राज्य संघटनेने जिल्हा संस्थांना निधी वाटण्याची जी जुनी पद्धत होती, ती यामुळे बंद झाली. अजूनही काही जण सवयीने तसं करतात आणि नोंदणी गमावतात.

‘आंदोलन केलं की एफसीआरए जातं’ ही भीती मात्र अर्धवट माहितीतून आलेली आहे. इन्साफ या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० ला सांगितलं की, राजकीय हेतू नसताना लोकांच्या प्रश्नावर बंद, हरताळ, रास्ता रोको अशा मार्गांचा आधार घेतला म्हणून एखाद्या संस्थेला राजकीय स्वरूपाची ठरवता येणार नाही. हा निकाल छापून फाइलला लावा. तरीही माझं स्पष्ट मत असं की, कायदा बदलण्यासाठी लढणाऱ्या संघटनेने आपलं मुख्य काम परदेशी पैशावर उभं करू नये. तो नळ एका आदेशाने बंद होतो आणि मानधनावरची माणसं उघड्यावर येतात. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळालं. तो पैसा इथल्या प्रेक्षकांनी तिकीट काढून दिलेला होता.

चूक होऊन गेली असेल तर

विश्वस्त बदलून तीन वर्षं झाली आणि फेरफार अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दिलाच नाही? मुदत ९० दिवसांची असते. सबळ कारण देऊन विलंबमाफी मागता येते. जुनं इतिवृत्त, सभेची नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा आधी गोळा करा, बहुतेक अर्ज तिथेच अडतात. मागची तारीख घालून इतिवृत्त लिहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

परदेशी रक्कम चुकून साध्या खात्यावर आली तर तिला हात लावू नका. त्याच आठवड्यात कार्यकारिणीचा ठराव, पाठवणाऱ्याला पत्र आणि सीएशी बोलणं. गृह मंत्रालयाकडे काही प्रकारच्या चुकांसाठी दंड भरून तडजोड करण्याची तरतूद आहे, पण लपवलेल्या रकमेपेक्षा स्वतःहून सांगितलेल्या रकमेबद्दल बोलणं केव्हाही सोपं.

पावती पुस्तक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार, त्यातल्या क्रमांकांची जाहीर सूचना आणि ते पुस्तक रद्द केल्याचा ठराव. आम्ही आता पुस्तक देताना घेणाऱ्याची सही घेतो, आणि दर ३१ मार्चला कोरी, अर्धी, भरलेली सगळी पुस्तकं परत मागवतो. पुस्तक क्रमांक सात अजून माझ्या कपाटात आहे. एखाद्या शाखेत नवा खजिनदार आला की मी ते त्याच्या हातात देते आणि एकतीस पावत्या स्वतः मोजायला सांगते.