विमानाचे तास मोजायला बसण्याआधी

कागद-पेन घ्या, हे सांगत बसत नाही. आधी दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड लिहा, शहरांची नावं नकोत. नुसतं लंडन लिहिलंत तर हीथ्रो, गॅटविक की ल्यूटन? एलओएन हा अख्ख्या शहराचा कोड, त्याने काही कळत नाही.

मग दोन्ही ठिकाणच्या वेळेतला फरक. प्रवासाची तारीख घालून बघा. पाठ असला तरी बघा. मागच्या वेळी मी इथेच आपटलो. न्यूयॉर्कहून लंडन, मार्चचा मधला आठवडा. फरक पाच तासांचा, हे तोंडपाठ. रात्री 9 ला निघणार, सात तासांचं उड्डाण, वर पाच, म्हणजे सकाळी 9, असं मामेभावाला कळवून मोकळा झालो. तिकिटावर चक्क 8 छापलेलं, तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अमेरिकेतली घड्याळं उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, ब्रिटनमधली शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा. फोन मेलेला, तासभर बॅगेवर बसून दारातून येणारा-जाणारा मोजत होतो. तो आला आणि म्हणाला, "अरे, नऊ तूच सांगितलंस ना?"

तर तारीख घालून. ऑक्टोबरअखेरीला घड्याळं परत मागे जातात तेव्हाही हीच गंमत, आठवडाभर.

अंतरासाठी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. तो जातो तीच जवळची वाट. न्यूयॉर्क-टोकियोचा दोरा अलास्काकडून जातो, नकाशावर हे पटतच नाही. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ते हीथ्रो साधारण 5,540 किलोमीटर. आकडा मैलांत दिसला तर कुठले मैल ते बघा, हवाई वाहतुकीतला सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो.

ताशी 900 ने भागलं की सहा तास आणि थोडं वर येतं. तेवढ्यावर थांबू नका. धावपट्टीपर्यंत सरपटणं, वर चढणं, उतरताना रांगेत घिरट्या, यांचा अर्धा-पाऊण तास धरा. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर लागेपर्यंतची असते. परतीला तोच आकडा उलटा करून वापरू नका: वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, लंडनहून न्यूयॉर्कला जाताना ते तोंडावर येतात आणि सातचे आठ तास होतात.

आता पडताळा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगाच्या एकाच प्रमाणवेळेत आणा, मग वजाबाकी. थेट वजाबाकी करायची नाही, दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. उत्तर तुमच्या तासांपासून फार लांब असेल तर फरक पुन्हा बघा. कसा? तारीख घालून.

मध्ये विमान बदलायचं असेल तर टप्पे वेगळे काढा, थांबा वेगळा. उतरण्याची तारीख दुसरी असू शकते. न्यायला येणाऱ्याला बेरीज सांगू नका, तिकिटाचा फोटो पाठवा.