गाडी घ्यायच्या आधी रिव्ह्यू कसे बघायचे, एका सातारकराचा सल्ला

रात्री दोन दोन वाजेपर्यंत गाड्यांचे व्हिडिओ बघत बसणारे आपल्यात लय जण आहेत, मी पण त्यातलाच, आणि एवढं बघून सुद्धा पहिली गाडी चुकलीच होती म्हणून हे लिहितोय.

आधी व्हिडिओ कसला आहे ते ओळखा. एकाच आठवड्यात दहा चॅनलवर सेम रंगाची गाडी आणि मागं सेम रिसॉर्ट दिसलं की समजायचं कंपनीनं बोलवून केलेला मीडिया ड्राइव्ह आहे. सगळे खोटं बोलतात असं नाय, पण गाडी हातात असते काही तास आणि बहुतेक वेळा टॉप मॉडेलच, तुमचं बजेट मधल्या व्हेरियंटचं. तेवढ्यात लूक, सीट, आवाज कळतो. क्लच, टायर, सर्व्हिसचं बिल, डॅशबोर्डची खडखड हे लाँग टर्म रिव्ह्यूत, म्हणजे गाडी कित्येक महिने वापरून लिहिलेल्यात, सापडतं, आणि तिथं मासिकं अजून भारी आहेत. ऑटोकार इंडिया १९९९ पासून निघतंय. सेकंडहँड २०१८ ची गाडी बघत असाल तर २०१८ चाच रिव्ह्यू काढा, आजचा नको, मधे इंजिन बदललेलं असतं. मी तर रद्दीवाल्याकडनं किलोवर जुने अंक उचललेत, घरचे बोंबलले पण कामाला आले.

टीव्हीवरच्या शोचं वेगळंय. बीबीसीचा टॉप गिअर मी पण वेड्यासारखं बघितलंय, पुढं त्याचे तिघं होस्ट २०१६ ला द ग्रँड टूर घेऊन अ‍ॅमेझॉनवर आली तेही. पण ती करमणूक. २००८ ला त्यांनी टेस्लाची रोडस्टर ढकलत नेताना दाखवली, नंतर कळलं की बॅटरी संपलेलीच नव्हती, संपली तर काय होईल ते दाखवलं म्हणे. टेस्ला कोर्टात गेली आणि हरली पण.

आता खरं काम, स्पेसिफिकेशनचा तक्ता. पॉवर सगळे बघतात, तुम्ही टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ (एनएममध्ये मोजतात), किती आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो ते बघा. जुन्या चार सिलेंडरवाल्या १.२ स्विफ्टचा ११३ एनएम ४४०० ला आहे, फोक्सवॅगन टायगुनच्या १.० टर्बोचा १७८ एनएम १७५० पासनंच. म्हणजे यवतेश्वरच्या घाटात चार माणसं, एसी चालू आणि पुढं ट्रक, तेव्हा स्विफ्टला सेकंड गिअर टाकून पिळावं लागतं, टायगुन थर्डमध्ये पण ओढते. पण टर्बोत अगदी खालच्या आरपीएमला जरा लॅग असतो, म्हणजे पाय दाबला की ओढ उशिरा येते, ते गावातल्या ट्रॅफिकमध्ये जाणवतं.

मायलेजचा एआरएआयचा (गाड्या तपासणारी संस्था) आकडा लॅबमध्ये रोलरवर काढतात, त्यामुळं कोणी टाकी फुल टू फुल करून काढलाय का ते शोधा. फुल म्हणजे पंपाचं नोझल पहिल्यांदा कट झालं की बास, वर अजून ओतायचं नाय, पुढच्या वेळी पण तोच पंप.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. शोरूमचा पोरगा हायवेवर सरळ नेऊन आणतो, त्याला यवतेश्वरला चल म्हणायचं, नाही म्हणला तर दुसरं शोरूम. घरचे सगळे बसवा. आमच्या आण्णांना मागं बसवलं तर एका वळणात म्हणले गाडी चांगलीय पण उतरताना गुडघा धरतोय, सीट लय खाली आहे. तिचे पंचवीसेक व्हिडिओ बघितले होते मी, एकानं सुद्धा हे सांगितलं नव्हतं.