जपानला इंग्रजी शिकवायला निघालात? आधी बूट घ्या

पासपोर्ट, व्हिसा, पदवीचं मूळ प्रमाणपत्र, करारपत्र. हे कुणी विसरत नाही, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही. शाळेत घालायचे बूट मात्र हमखास विसरले जातात. शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या कंपनीच्या सूचनांमध्ये ‘इनडोअर शूज’ एवढं लिहिलेलं असतं, आणि आपण ते वाचून म्हणतो, असतील घरातल्या चपला. मीही तसंच वाचलं आणि तशीच गेले. म्हणून ही यादी.

तर बूट. जपानी शाळेच्या दारातच रस्त्यावरचे बूट काढून कप्प्यात ठेवायचे आणि दुसरे घालायचे, जे इमारतीबाहेर कधी गेलेलेच नाहीत. यांना उवाबाकी म्हणतात. मुलांनी घालायचे तसे शिक्षकांनीही, दिवसभर. दारात पायताण काढायची आपल्यालाही सवय आहे, पण आपण मग अनवाणी फिरतो. तिथे अनवाणी चालत नाही आणि नुसत्या मोज्यांवरही नाही. बूट नसले तर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता पायात येतात, त्याही दोन बोटं लहान. त्या घालून तीन मजले चढा, हातात फ्लॅशकार्डांचा गठ्ठा घेऊन. वर्गातली तीसेक मुलं फळ्याकडे बघत नाहीत, तुमच्या पायांकडे बघतात. शिक्षककक्षात तर कुणी काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

तिथे गेल्यावर घेऊ, असं म्हणू नका. बायकांचे २५ सेंटिमीटरच्या पुढचे आणि पुरुषांचे २८ च्या पुढचे बूट साध्या दुकानात शोधत बसावे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात तुम्हाला दुकानं शोधायला वेळ नसतो. इथेच घ्या. नवे कोरे, पांढरे किंवा काळे, फरशीवर डाग न पाडणारा तळवा. लेसचे नकोत, दिवसभर काढ-घाल असते. स्वच्छतागृहात वेगळ्या सपाता असतात आणि काही शाळांत व्यायामशाळेसाठी तिसरा जोड लागतो. टाच मात्र बंद हवी, कारण भूकंपाच्या सरावात याच बुटांवर मैदानात पळायचं असतं. आणि दोन जोड घ्या. एकाच शिक्षकाला आठवड्यात दोन-तीन शाळा देणं तिथे नेहमीचं आहे.

आता कागदांतला एकच, जो आपल्याकडे अडतो. इंग्रजी मातृभाषा नसलेल्याकडून सहसा बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा मागतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम लिहिलेलं असेलच असं नाही. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र घ्या, शाळा आणि ज्युनिअर कॉलेज दोन्हींचं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत घ्यायला जाऊ नका, कारकूनही गावाला गेलेले असतात. मराठी माध्यमात शिकला असाल तर बाकी काही करण्याआधी कंपनीला स्पष्ट विचारा. तिकीट काढून झाल्यावर नव्हे.

कपडे: काळा किंवा गडद निळा सूट, एप्रिलमधल्या प्रवेश समारंभाला लागतोच. एक साडी, सांस्कृतिक कार्यक्रमासाठी, स्वतःला पटकन नेसता येईल अशी. थंडीचे कपडे इथून नेऊ नका, तिथे चांगले आणि स्वस्त मिळतात. वर्गात हीटर असतो, जिन्यात आणि व्हरांड्यात बहुधा नसतो, हे लक्षात ठेवा. छोटे हातरुमाल भरपूर. शाळेच्या नळापाशी टॉवेल नसतो, प्रत्येकाच्या खिशात आपापला असतो. आणि बूट. घेतले का? यादीवर टिक करून नंतर घेणार असाल तर टिक खोडा.

औषधं हा गमतीचा विषय नाही. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज मिळणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि ते १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधांनाही मर्यादा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं रोजचं औषध एक महिन्यापर्यंतचं चालतं. त्याहून जास्त हवं तर आधी ऑनलाइन अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. आईने पिशवीत परस्पर कोंबलेल्या गोळ्यांची पाकिटं विमानतळावर निघण्याआधी एकदा उलटून वाचा. कढीपत्ता, आंबे, लिंबं नकोत, ताज्या फळापाल्याला वनस्पती-तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला न्या.

आता जेवण, आणि इथे मी जरा थांबणार आहे. प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण म्हणजे क्यूशोकु. १८८९ साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे गरीब मुलांसाठी हे सुरू झालं आणि १९५४ मध्ये त्याचा कायदा झाला. आज हे जेवण म्हणजे जवळजवळ शिकवण्याचाच एक तास असतो. मुलंच पांढरे अॅप्रन आणि टोप्या घालून वाढतात, सगळ्यांना एकच जेवण, सगळ्यांनी एकदम ‘इतादाकिमास’, म्हणजे जेवणाआधीचे आभाराचे शब्द, म्हणायचं आणि मग सुरुवात. शिक्षकही वर्गात मुलांबरोबर जेवतात. आता तुम्ही शाकाहारी असाल तर बघा: सूपात माशाचं पाणी, भाजीत माशाचं पाणी, बीन्समध्ये डुकराचे बारीक तुकडे, आणि मुलं ज्या दिवशी ‘सेन्सेई (म्हणजे बाई किंवा सर), आज करी आहे, करी!’ म्हणून तुमच्यासाठी आनंदाने ओरडतात, त्या करीच्या मसाल्यातसुद्धा बहुतेक वेळा प्राण्यांची चरबी. उरतं दूध, २०० मिलिलिटर, आणि भात.

मासे चालत असतील तर निम्मा प्रश्न सुटला, कोकणातल्या मंडळींनी इथून पुढे उडी मारावी. बाकीच्यांनी शाळा सुरू होण्याआधी सांगायचं की मी डबा आणेन. आधी म्हणजे आधी: जेवणाची मागणी आणि पैसे महिन्याच्या हिशेबाने असतात आणि मध्येच बदल झाला की तीन माणसांना कागद भरावे लागतात. आणि एक करू नका. ‘अॅलर्जी आहे’ असं खोटं सांगायचा मोह होईल, कारण तो शब्द सगळ्यांना कळतो. २०१२ मध्ये टोकियोतल्या चोफूमध्ये शाळेच्या जेवणातल्या दुधाच्या अॅलर्जीने एक मुलगी दगावली. तेव्हापासून शाळा याकडे फार गंभीरपणे बघतात, डॉक्टरांचं पत्र मागतात, वेगळं ताट, वेगळी खूण. त्या यंत्रणेत खोटं घालू नये. साधं सांगा, धर्म म्हणा, सवय म्हणा, समजून घेतात. डब्यात मात्र घमघमीत काही नेऊ नका. लसणाच्या चटणीने वर्गाची खिडकी उघडायला लागते.

डाळ-तांदळाची चिंता नको. टोकियोजवळ असाल तर निशी-कासाई गाठा, एदोगावा प्रभागात, भारतीयांची वस्तीच आहे. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथूनच प्रभागसभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. लांब खेड्यात असाल तर पोस्टाने मागवता येतं. प्रेशर कुकर इथून नेला तरी चालेल.

पैसे. एप्रिलमध्ये काम सुरू झालं तर बऱ्याच कंपन्यांत पहिला पगार मेअखेरीस येतो. घर बहुधा रिकामं मिळतं, खिडकीला पडदा नाही, कधी छताला दिवाही नाही. अनामत, घरमालकाला द्यायची, आपल्याला परत न मिळणारी ‘भेट’, जामीनदार कंपनीची फी. दोन महिन्यांचा खर्च हाताशी हवा, आणि त्यातला काही रोख.

पहिल्या तासाला मुलं तुमची ओळख विचारतात, तोच तास आठवडाभर वर्गावर्गातून परत परत घ्यायचा असतो. फोटो मोठे छापून न्या: घर, शाळा, रिक्षा, पाऊस, गणपती. ताजमहाल नको, तो त्यांच्या पुस्तकात असतो. नाणी आणि दहाच्या नोटा न्या. जांकेन, म्हणजे दगड-कागद-कात्री, शिकून जा. उरलेलं दूध कुणी प्यायचं इथपासून सगळे तंटे त्याने सुटतात. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, तिसरी-चौथीला नुसत्या खेळ-गाण्यांपुरतं. पाचवीतला मुलगा प्रश्न विचारल्यावर शेजाऱ्याशी कुजबुजून मग उत्तर देतो. तो कॉपी करत नाही, चुकून हसं होऊ नये म्हणून खात्री करतो. थांबा. आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपणच उत्तर सांगून मोकळे होतो.

वर्ग मुख्य शिक्षकाचा असतो, तुम्ही जोडीला. त्यांच्या इंग्रजीतली चूक मुलांसमोर दाखवायची नाही. कधीच नाही. शिक्षककक्षाचा कारभार उपमुख्याध्यापक बघतात. काहीही असो, आधी त्यांना. वेळेवर म्हणजे दहा मिनिटं आधी. दुपारी सफाईच्या वेळी मुलं फरशी पुसतात, तुम्हीही फडकं घ्या, हात बांधून उभं राहणं वाईट दिसतं. सगळ्यांना वाटायला खाऊ न्या, एकेक वेगळा गुंडाळलेला. घरच्या बेसनलाडवांचा डबा उघडून फिरवलात तर लोक भांबावतात.

आणि हो, तो खाऊ वाटताना पायात काय असेल? बूट हाताशीच्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, ती हरवू शकते.

बाकीचं भराभर. पत्त्यावर राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत नोंदणी, रेसिडेन्स कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) घेऊन. मग बँक, मग फोन, याच क्रमाने जमेल असं नाही, एक दुसऱ्यासाठी अडतं. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा घरी थांबावं लागतं. कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. खेड्यात नेमणूक असेल तर आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, गाडी आपल्यासारखीच डावीकडून. सुट्टीत घरी येताना विमानतळावरच्या कागदावर परत येणार असल्याच्या चौकोनात खूण करा, नाहीतर व्हिसा संपतो. रहिवासी कर पहिल्या वर्षी लागत नाही म्हणून खूश होऊ नका, दुसऱ्या वर्षी जूनमध्ये येतो. पेन्शनमध्ये भरलेले पैसे कायमचं परतल्यावर दोन वर्षांच्या आत मागायचे. नोकरी सोडायची तर मार्चअखेरीस सोडा, मधेच नाही.