बांधकाम परवानगी: या चुका टाळा

अर्ज आक्षेपांसह परत आला की आधी नकाशा घेऊन प्लॉटवर जा आणि टेप लावा. कागद आणि जागा यांतल्या तफावतीतूनच अनेक आक्षेप निघतात.

सर्वात महागात पडते ती सामासिक अंतराची, म्हणजे प्लॉटची हद्द आणि इमारत यांत सोडायच्या मोकळ्या जागेची चूक. खरेदीखतातल्या लांबी-रुंदीवर नकाशा काढला जातो, पण कोपरे काटकोनात असतीलच असं नाही. मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्यावरच आराखड्याला हात घाला. चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजा. नुसत्या बाजूंवरून तिरकेपणा कळत नाही. समजा, 3 मीटर मोकळी जागा सोडायची आहे. नकाशात वीटकामापासून नेमके 3 मीटर धरले आणि बाहेरून 20 मिमी गिलावा चढला, की उरतात 2.98 मीटर. दगडी फरशी लावली तर आणखी कमी. म्हणून प्रत्येक बाजूला 75 मिमी जास्तीचे ठेवा. छज्जा, बाल्कनी आणि बाहेरचा जिना मोकळ्या जागेत किती येऊ शकतो, हे वेगळं तपासा. पायाचंही तसंच: 1.5 मीटर चौरस फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) कॉलमच्या मध्यापासून 750 मिमी पसरते, त्यामुळे कॉलम आत असूनही पाया हद्दीबाहेर जाऊ शकतो.

दुरुस्ती किरकोळ आहे असं समजून परवानगीच न घेणं धोक्याचं. रंग किंवा फरशी बदलणं वेगळं. भिंत पाडणं, संडासाची जागा हलवणं किंवा गच्चीवर खोली चढवणं वेगळं. भिंतीवर स्लॅबचा भार आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. 100 मिमीच्या सांडपाण्याच्या पाइपला 1:60 उतार द्यायचा तर 6 मीटरमध्ये तो 100 मिमी खाली जातो, पाइपची स्वतःची जाडी वेगळी. फरशीखाली तेवढी जागा मिळत नसेल तर संडास तिथे नेता येणार नाही.

आक्षेपांना क्रमवार उत्तर द्या. एक माप बदललं की प्लॅन, छेद (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारं चित्र) आणि क्षेत्रफळाचा तक्ता तिन्ही बदला, नाहीतर नवा आक्षेप ठरलेला.

तपासणीचा टप्पा असेल तिथे सळई पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतू नका. झाकलेलं काम उकरून दाखवावं लागू शकतं. मंजुरीनंतर खिडकी किंवा जिना हलवायचा असेल, तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्या आणि परवानगीची मुदत संपण्याआधीच वाढ मागा.